नाण्यावरची छबी : सत्तेची आणि स्मृतीची

दिनांक ३१ मे २०२५ रोजी पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी भोपाळ येथे झालेल्या समारंभात भारत सरकारचे तीनशे रुपयांचे स्मारक नाणे प्रकाशित झाले आणि त्यावर अहिल्याबाईंची छबी उमटली. माळव्यातील मराठी समाजाला या घटनेने समाधान वाटावे हे स्वाभाविकच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला या नाण्याकडे पाहताना एक गोष्ट जाणवल्याखेरीज राहत नाही. अहिल्याबाईंनी इ.स. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे राज्यकारभार केला. त्यांच्या काळी महेश्वरच्या टांकसाळीत रुपये पडत होते आणि ते माळव्याच्या बाजारात चालतही होते. त्यांतील एकाही रुपयावर अहिल्याबाईंची छबी नाही. इतकेच नव्हे, तर त्यांचे नावही नाही. त्या रुपयांवर फार्सी अक्षरांत दिल्लीचा बादशहा शाह आलम याचे नाव आहे आणि त्याच्या जोडीस शिवलिंग व बिल्वपत्र ही दोन चिन्हे आहेत. राज्य शंकराचे, सनद बादशहाची आणि आपण केवळ कारभारी, ही त्यांची भूमिका त्या दोन चिन्हांतून व्यक्त होते.

जिने स्वतःच्या नाण्यावर नावदेखील घातले नाही तिची छबी सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी नाण्यावर यावी, आणि ज्या राजांनी हौसेने आपली छबी नाण्यावर उमटवली त्यांची नाणी मात्र संग्राहकांखेरीज कोणाच्या स्मरणात नसावीत, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे. राजांच्या छबीची नाणी आपल्याकडे केव्हा आली, का आली आणि आजच्या स्मारक नाण्यांनी त्या परंपरेतले काय घेतले व काय सोडले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

नाण्यावर राजाचे मुख कोरण्याची चाल आपल्या भूमीला अगदीच अपरिचित होती असे नाही. इ.स. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक असलेली ही नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची असून त्यांवर राजमुख कोरलेले आहे. मात्र त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आढळतो. पराभूत राजाचे नाणे न वितळवता त्याच्या चेहऱ्यावरच आपले चिन्ह उमटवणे, ही विजयाची घोषणा होती. बाजारात ते नाणे ज्याच्या ज्याच्या हाती जाई त्याला राज्य पालटल्याची वार्ता निराळी सांगावी लागत नसे. पुढे सातवाहनांनीही आपल्या मुखाची चांदीची नाणी पाडली. नाण्यावरचा चेहरा म्हणजे सत्तेचे जाहीर प्रकटन, हा अर्थ इतका जुना आहे.

मध्ययुगात मात्र ही चाल आपल्याकडून लोपली. सुलतानी आणि मोगली नाण्यांवर अक्षरांचे राज्य आले. जहांगीर बादशहाने स्वतःची छबी असलेल्या काही मोहरा पाडविल्या, पण त्या मर्जीतल्या सरदारांना द्यावयाच्या मानाच्या वस्तू होत्या. बाजारातले चलन नव्हते. शिवाजी महाराजांनी ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक करविला आणि सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही आपली नाणी प्रचारात आणली. त्यांवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ एवढीच अक्षरे आहेत. फार्सीऐवजी नागरी अक्षरे वापरणे हीच त्या काळी मोठी घोषणा होती. चेहऱ्याची गरज नव्हती. या शिवराईवर पुढच्या पिढ्यांचा विश्वास इतका बसला, की मराठी राज्य गेल्यानंतर इंग्रजी अमलातही ती खेड्यापाड्यांतून दीर्घकाळ चालत राहिली. अक्षर न वाचता येणारा शेतकरीही ती स्पर्शाने आणि घडणीने ओळखत असे.

पेशवाईत टांकसाळी वाढल्या, पण नाण्यांवर नाव बादशहाचेच राहिले. अंकुशासारखी खूण पाहून सराफ ते नाणे कोठले हे ओळखत. शिंदे, होळकर, गायकवाड यांचीही हीच रीत होती. पहिल्या यशवंतराव होळकरांनी शके १७२८ मध्ये, म्हणजे इ.स. १८०६ च्या सुमारास, संस्कृत लेख असलेला रुपया पाडून ही चाकोरी मोडली. तरीही छबीचा विचार त्यांच्याही मनात आला नाही. थोडक्यात, मराठी सत्ता जेव्हा खरोखर सत्ता होती तेव्हा तिच्या नाण्यांवर चेहरा नव्हता.

चेहरा आला तो इंग्रजांबरोबर. ईस्ट इंडिया कंपनीनेही दीर्घकाळ शाह आलमच्याच नावाने रुपये पाडले. इ.स. १८३५ मध्ये साऱ्या इंग्रजी मुलखासाठी एकसारखे नाणे सुरू झाले आणि त्यावर चौथ्या विल्यमचे मुख आले. १८४० पासून व्हिक्टोरिया राणीची छबी रुपयावर आली. ‘राणीछाप’ हा शब्द आपल्या आजी-पणजीच्या तोंडी होता तो याच रुपयासाठी. लंडनमध्ये राहणारी, इकडे कधीही पाऊल न टाकलेली बाई या देशातल्या घराघरांत ओळखीची झाली, ती केवळ नाण्यामुळे.

गोमंतकात हेच दुसऱ्या राजाच्या नावाने घडले. १८८१ पासून पोर्तुगालचा राजा पहिला लुईश याच्या मुखाचा रुपया गोव्यात चालू लागला. इ.स. १८९८ मध्ये वास्को द गामाच्या हिंदुस्थानप्रवासाच्या चारशेव्या वर्षानिमित्त पोर्तुगालने चांदीची स्मारक नाणी काढली. त्यांवर राजा कार्लुश आणि राणी अमेलिया यांची मुखे एकामागे एक अशी जोडीने कोरलेली आहेत. आधुनिक अर्थाने ज्यास आपण राजमुखाचे स्मारक नाणे म्हणतो त्याचे हे उत्तम उदाहरण होय. लिस्बनच्या दृष्टीने तो गौरवाचा सोहळा होता; गोमंतकाच्या दृष्टीने तीच घटना पारतंत्र्याचा आरंभबिंदू होती. स्मारक नाणे कोणाची आठवण सांगते याबरोबरच ते कोण सांगतो, हेही पाहावे लागते ते यासाठी. पुढे १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजसत्ता गेली आणि १९१२ च्या गोव्याच्या रुपयावर राजाच्या जागी प्रजासत्ताकाचे प्रतीक म्हणून स्त्रीमुख आले.

इंग्रजांच्या छत्राखालील मराठी संस्थानांत हा प्रवाह कसा शिरला ते पाहणे उद्बोधक आहे. १८७६ च्या कायद्यान्वये संस्थानांना आपली नाणी सरकारी टांकसाळीतून पाडून घेण्याची मुभा मिळाली. धारच्या पवारांनी १८८७ मध्ये आणि देवासच्या दोन्ही पात्यांनी १८८८ मध्ये अशी तांब्याची नाणी पाडून घेतली. त्यांवर संस्थानाचे नाव आहे, पण मुख मात्र व्हिक्टोरिया राणीचे आहे. पवारांच्या राज्यात पवारांच्या नावाने चालणाऱ्या पैशावर राणीचा चेहरा असावा, याहून मांडलिकीचे स्पष्ट चित्र दुसरे कोणते?

ज्या संस्थानांच्या स्वतःच्या टांकसाळी होत्या त्यांनी या प्रश्नाचे उत्तर निराळ्या रीतीने दिले. बडोद्यास तिसरे सयाजीराव महाराज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात यंत्रावर पाडलेले सुबक रुपये आणि सोन्याच्या मोहरा काढल्या. त्यांवर पगडी घातलेली महाराजांची छबी आणि देवनागरी अक्षरे आहेत. इंदुरास शिवाजीराव होळकरांनी संवत १९५६ ते १९५८ या वर्षांत, म्हणजे १८९९ ते १९०१ च्या सुमारास, समोरून दिसणाऱ्या आपल्या मुखाचा रुपया काढला. ग्वाल्हेरीस माधवराव शिंदे यांची छबी प्रथम सोन्यावर आणि नंतर संवत १९७० पासून तांब्याच्या पाव आण्यावर आली. या सर्वांमागे हौस होती तशी ईर्ष्याही होती. सम्राटाचा चेहरा नाण्यावर असेल, तर आमचाही असेल, असा तो मूक दावा होता.

परंतु या दाव्याच्या पायाखालची जमीन सरकत होती. बडोद्याचे बाबाशाही चलन शतक पालटताना बंद झाले आणि इंग्रजी रुपयाने त्याची जागा घेतली. ग्वाल्हेर आणि इंदूर येथील चांदीच्या रुपयांचीही तीच गत झाली. उरले ते तांबे. म्हणजे रुपया सम्राटाचा आणि पैसा महाराजांचा, अशी वाटणी झाली. ग्वाल्हेरचा संवत १९८६ चा, म्हणजे १९२९ चा, पाव आणा पाहावा. त्यावर जिवाजीराव महाराजांचे मुख आहे. त्या वेळी ते अवघ्या तेरा वर्षांचे होते आणि कारभार मंडळाच्या हाती होता. १९३५ च्या इंदूरच्या पाव आण्यावर आणि अर्ध्या आण्यावर यशवंतराव होळकरांची छबी आहे. घडण उत्तम, धातू तांबे आणि खरेदीची शक्ती चार भाजीच्या जुड्यांची. देवास थोरल्या पातीचा १९४४ चा विक्रमसिंहराव पवार यांच्या छबीचा पैसा हे या मालिकेतील जवळजवळ शेवटचे पान. हेच विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर शहाजी छत्रपती म्हणून दत्तक गेले. ज्या घराण्याच्या पैशावर १८८८ मध्ये राणीचे मुख होते त्याच घराण्याच्या पैशावर स्वतःचे मुख येण्यास छप्पन्न वर्षे लागली, आणि ते आले तेव्हा संस्थानी राज्याची चार वर्षेही शिल्लक नव्हती.

यावरून एक निष्कर्ष काढावासा वाटतो. आपल्याकडे राजाचा चेहरा नाण्यावर जसजसा ठळक झाला तसतशी त्यामागची सत्ता क्षीण होत गेली. हैदराबादचे उदाहरण यास पूरक आहे. सर्व संस्थानांत सर्वांत श्रीमंत असलेल्या निजामाने आपली छबी नाण्यावर घातली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्याच्या रुपयावर चारमिनार आला आणि त्याच्या कमानीत राज्यकर्त्याच्या नावाचे केवळ आद्याक्षर राहिले. महबूब अली खानासाठी ‘मीम’ आणि उस्मान अली खानासाठी ‘ऐन’. यामागे धार्मिक संकेत होता हे खरे; पण आपले स्वतंत्र चलन शेवटपर्यंत राखणाऱ्या राज्याला चेहऱ्याविना अडले नाही, हेही तितकेच खरे.

स्वातंत्र्यानंतरही काही काळ सहाव्या जॉर्जचे मुख असलेली नाणी चालत होती. १५ ऑगस्ट १९५० रोजी प्रजासत्ताकाची नवी नाणी निघाली आणि राजमुखाच्या जागी सारनाथचे सिंहशीर्ष आले. कोणा एका व्यक्तीचे मुख राज्याचे प्रतीक असणार नाही, हा त्यातील आशय होता. १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या छबीची नाणी निघाली, तेव्हापासून स्वतंत्र भारताच्या स्मारक नाण्यांची परंपरा सुरू झाली. येथे छबीचा अर्थ मुळातच पालटला. पूर्वी जिवंत राजा आपला चेहरा प्रजेस दाखवीत असे. आता प्रजा आपल्या शासनाकरवी दिवंगत व्यक्तीचा चेहरा निवडू लागली. पूर्वीची छबी आज्ञा होती, आताची आठवण आहे.

या नव्या अर्थाने मराठी राजा नाण्यावर आला तो १९९९ मध्ये. राज्याभिषेकास सव्वातीनशे वर्षे होत असताना छत्रपती शिवाजी महाराजांच्या छबीचे दोन रुपयांचे अकरा कोनी नाणे निघाले. त्याच वर्षी संत ज्ञानेश्वरांच्या छबीचा एक रुपयाही चलनात आला. माझ्या नोकरीची काही वर्षे कोषागाराच्या कामात गेली असल्यामुळे नाण्यांच्या थैल्यांकडे पाहण्याची नजर रूक्ष झाली होती. पण भाजीवालीने मोड परत देताना तीन नाण्यांतून ज्ञानोबा आणि शिवबा एकदम तळहातावर यावेत, हा अनुभव त्या काळी असंख्य लोकांनी घेतला आहे. कोणी ते नाणे देवघरात ठेवले, कोणी मुलाला दिले, बहुतेकांनी ते पुन्हा खर्च केले. मला तो खर्चच महत्त्वाचा वाटतो. शिवराई जशी हातोहात फिरली तसेच हे नाणे फिरले. २००३ मध्ये महाराणा प्रतापांच्या छबीचा एक रुपयाही असाच लोकांच्या हाती आला.

त्यानंतर मात्र स्मारक नाण्यांचे स्वरूप पालटत गेले. शंभर रुपये आणि त्याहून अधिक दर्शनी किमतीची नाणी वाढली. २०११ च्या नाणे अधिनियमाने एक हजार रुपयांपर्यंतचे नाणे काढण्याची मुभा आहे. शंभर रुपयांची अनेक स्मारक नाणी ४४ मिलीमीटर व्यासाची आणि ३५ ग्रॅम वजनाची असून त्यांत निम्मी चांदी, चाळीस टक्के तांबे आणि बाकी निकेल व जस्त असते. ती मखमली पेटीत घालून दर्शनी किमतीहून बऱ्याच अधिक दराने टांकसाळीकडून विकली जातात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने शंभर रुपयांचे नाणे निघाले. पतीची छबी पाव आण्यावर आणि पत्नीची शंभर रुपयांवर, असा योग भारतात अन्यत्र क्वचितच आढळेल. परंतु जिवाजीरावांचा पाव आणा ग्वाल्हेरच्या प्रत्येक टांगेवाल्याच्या हाती गेला होता; राजमातांचे नाणे किती ग्वाल्हेरकरांनी प्रत्यक्ष पाहिले असेल? अहिल्याबाईंच्या तीनशे रुपयांच्या नाण्याविषयीही हाच प्रश्न पडतो.

ही वाट आपण एकट्यांनीच धरली असे नाही. ब्रिटनमध्ये १९७७ साली राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आणि १९८१ साली युवराज चार्ल्सच्या विवाहानिमित्त जी मोठी नाणी निघाली त्यांवर किंमतदेखील छापलेली नव्हती. ती कायद्याने चलन होती, पण लोकांनी ती कपाटात ठेवण्यासाठीच घेतली. परंतु तिकडे आणि इकडे एक मोठा भेद आहे. तेथे राणीचे मुख स्मारक नाण्यावर होते तसेच ते रोजच्या पेनीवरही होते. पेटीतले नाणे ही तेथे वरकड हौस होती. आपल्याकडे अहिल्याबाईंची छबी केवळ पेटीतल्या नाण्यावरच आहे.

कोणी म्हणेल, सन्मान मोठा म्हणून किंमत मोठी. हा युक्तिवाद मला पटत नाही. नाण्याचा मान त्याच्या दर्शनी किमतीत नसून त्याच्या फिरण्यात असतो. सयाजीराव महाराजांना आज कोणी त्यांच्या सुबक रुपयामुळे ओळखत नाही. सक्तीच्या शिक्षणामुळे आणि गावोगावच्या ग्रंथालयांमुळे ओळखतो, कारण त्या गोष्टी सामान्य माणसापर्यंत पोहोचल्या. अहिल्याबाईंचे नाव घाटांनी, विहिरींनी आणि धर्मशाळांनी जिवंत ठेवले, कारण त्यांचा उपयोग पांथस्थाला झाला. ज्या राणीचे सारे कर्तृत्व लोकांच्या उपयोगी पडण्यात होते तिचे स्मारक नाणे एका व्यवहारातही वापरले जाऊ नये, हे तिच्या चरित्राशी विसंगत आहे. चांदीचे नाणे अवश्य काढावे. पण त्याच वेळी तीच छबी असलेले पाच किंवा दहा रुपयांचे नाणे चलनातही सोडावे, एवढीच अपेक्षा आहे. राज्यकर्त्यांस हे नवे नाही. १९९९ मध्ये त्यांनी तेच केले होते.

या मागणीस घाई आहे, कारण नाणेच आपल्या हातून सुटत चालले आहे. भाजीवालीसुद्धा आता मोबाईलवर पैसे घेते. आणखी काही वर्षांनी चलनी नाणे हीच संग्राहकाची वस्तू झाली, तर नाण्यावरील छबीने सामान्य माणसाशी बोलण्याचा मार्गच बंद होईल.

तोवर आपल्या हाती असलेले काम आपण करावे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, देवास येथील जुन्या मराठी घरांतून संस्थानी तांब्याचे पैसे अजूनही डब्यांत आणि देवघरांत पडून आहेत. घर बदलताना ते भंगारात जातात किंवा मोडीत निघतात. बाजारात त्यांचे मोल फार नाही. इतिहासाच्या दृष्टीने ते मोठे आहे. अशा नाण्यांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, त्यांवरील संवत आणि ते घरात कोठून आले याची माहिती, एवढी नोंद प्रत्येक गावच्या मराठी मंडळाने करून ठेवली, तर संस्थानी काळातील पैसा कोठवर फिरत होता याचा एक विश्वसनीय नकाशा तयार होईल. मात्र होन आणि शिवराई यांच्या बनावट प्रती विकणारेही पुष्कळ आहेत. तेव्हा जाणकारास दाखविल्याखेरीज अशी नाणी विकत घेऊ नयेत, हेही येथे सांगणे अवश्य आहे.